चांदीने पॅलेडियमला घातलेला लगाम

दोन धातू एकत्र केले की दोघांचे गुण मिळतात, असा समज आहे. पंचधातूच्या अंगठ्या त्यावरच खपतात. उत्प्रेरकांमध्ये मात्र दुसरा धातू पुष्कळदा पहिल्याला आडकाठी करण्यासाठीच घालतात.

पॉलिथिनसाठी लागणारं इथिलीन क्रॅकरमधून, म्हणजे हायड्रोकार्बनचे रेणू उष्णतेने तोडणाऱ्या कारखान्यातून, बाहेर पडतं (आपल्याकडे असा क्रॅकर नागोठण्याला आहे), तेव्हा त्यात थोडं असिटिलीन असतं. ते पॉलिमरीकरणाच्या उत्प्रेरकाला विष ठरतं, म्हणून दहा लाखांत ५ भागांच्याही खाली आणावं लागतं. त्यासाठी हायड्रोजन जोडून त्याचंच इथिलीन करतात. पण तिथेच थांबायला हवं. पुढे गेलात तर इथेन होतं आणि विकायचा मालच जळून गेल्यासारखा होतो.

हे काम पॅलेडियम हा उत्प्रेरक करतो, पण नुसतं पॅलेडियम थांबत नाही. त्याचे दोन-तीन अणू शेजारी असले की इथिलीनचे दोन्ही कार्बन सिग्मा बंधांनी (धातूच्या अणूंशी थेट, घट्ट जोडणाऱ्या बंधांनी) जखडले जातात. रेणू सुटण्याआधीच हायड्रोजन त्याला गाठतो. वर पॅलेडियम हायड्रोजन पोटातही साठवतं, त्यामुळे पुरवठा आतूनही चालू राहतो. शेजारच्या जागांवरची असिटिलीनं एकमेकांना जुळून ‘ग्रीन ऑइल’ नावाचं तेलकट द्रव्य बनतं आणि ज्यावर धातू पसरलेला असतो त्या सच्छिद्र आधाराची भोकं बुजवतं.

म्हणून चांदी मिसळतात. तिची पृष्ठऊर्जा (पृष्ठभाग उघडा ठेवायला लागणारी ऊर्जा) कमी, म्हणून ती वर येते आणि पॅलेडियमची टोळकी फोडते. एकट्या पडलेल्या अणूवर इथिलीन फक्त पाय (π) बंधाने, म्हणजे आपल्या दुहेरी बंधातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर, सैल बसतं आणि निघून जातं. असिटिलीनची पकड जास्त घट्ट, ते टिकतं. पोटात साठणारा हायड्रोजनही (हायड्राइड) घटतो. शिवाय पॅलेडियमच्या डी-पट्ट्याचं (बंध जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-पट्ट्याचं) केंद्र फर्मी पातळीपासून (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळ्यांच्या वरच्या सीमेपासून) खाली सरकतं, बंध कमकुवत करणाऱ्या प्रतिबंधी कक्षा अधिक भरतात आणि बंध आणखी सैलावतो. भूमितीचा वाटा किती आणि इलेक्ट्रॉनांचा किती, हे वेगळं काढणं जिकिरीचं असतं.

उत्प्रेरक बनवताना: १०० ग्रॅम अल्युमिना (हाच सच्छिद्र आधार), छिद्रांचं आकारमान ग्रॅमला ०.५ मिली धरलं तर धातूंच्या क्षारांचं द्रावण बरोबर ५० मिली, छिद्रं भरण्याइतकंच. त्यात ३० मिग्रॅ पॅलेडियम, चांदी त्याच्या दोन ते सहा पट. दोघांचे अणुभार जवळपास सारखे (१०६ आणि १०८), त्यामुळे वजनाचं प्रमाण तेच अणूंचं. पॅलेडियम क्लोराइड आणि सिल्व्हर नायट्रेट एकत्र केलंत तर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसेल. पॅलेडियमचंही नायट्रेटच घ्या. मग वाळवणं, भाजणं आणि शेवटी हायड्रोजनमध्ये क्षपण (संयुगांचं पुन्हा धातूत रूपांतर). क्षपण अर्धवट राहिलं तर मिश्रधातू होतच नाही, दोन धातू नुसते शेजारी राहतात. चांदी जास्त झाली तर क्रियाच मंदावते, तापमान वाढवावं लागतं आणि निवडकपणा (इथिलीनपाशीच थांबण्याचा गुण) पुन्हा घसरतो.

एक फसगत चाचणीतही होते. पृष्ठभागावरचं पॅलेडियम मोजायला कार्बन मोनॉक्साइड सोडतात. तो पॅलेडियमला घट्ट चिकटतो, चांदीला जेमतेम. आणि तापमान पुरेसं असलं तर आतले पॅलेडियम अणू वर ओढून घेतो. मग मोजलेला पृष्ठभाग बनवलेल्या पृष्ठभागाशी जुळत नाही.