मक्केच्या ताटात बुखारा कुठून आला?

आपल्याकडे कुणी हजहून परत आलं की झमझम आणि खजूर घरोघरी पोचतो, आणि बऱ्याच जणांसाठी मक्केची चव तिथंच संपते. त्यातही अजवा खजूर मदिनेचा. मक्का म्हणजे उघड्या डोंगरांमधली कोरडी दरी, कुराणातच सूरह इब्राहीममध्ये तिला शेती नसलेली दरी म्हटलंय, म्हणजे पहिल्यापासून या गावाचं पोट बाहेरून येणाऱ्या मालावर. मक्केच्या कुरैश टोळीचे तांडे हिवाळ्यात येमेनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे म्हणजे सीरियाकडे जायचे ते यासाठीच.

नंतर मालासोबत माणसं यायला लागली आणि माझ्या मते खरी गोष्ट इथं सुरू होते. आज हज काही आठवड्यांचा झालाय पण जहाजं आणि उंटांच्या काळात महिनोन्महिने जायचे, कुणाचे पैसे संपायचे, कुणी इल्म म्हणजे धर्माचं ज्ञान शिकायला थांबायचं, कुणाला तिथंच देह ठेवायचा असायचा. अशा थांबलेल्यांना अरबीत मुजाविर म्हणतात, पवित्र जागेचा शेजारी. आपल्याकडचं मुजावर आडनाव ते हेच! मक्केतली आडनावं नुसती वाचली तरी कळतं कोण कुठून आलं, बुखारी, तुर्किस्तानी, देहलवी, हिंदी, आणि जावी म्हणजे इंडोनेशियाकडचे. स्नूक हुरखोन्ये नावाचा डच अभ्यासक 1885 मध्ये मक्केत राहिला होता, त्याने या जावी वस्तीबद्दल भरपूर लिहून ठेवलंय.

आता ताटाकडे बघा. रुझ बुखारी हा गाजर घातलेला पुलाव मध्य आशियातल्या बुखारा शहराकडचा, 1920-30 च्या दशकात सोव्हिएत राजवटीमुळे तिकडून बरीच कुटुंबं पळून हिजाझमध्ये म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रांतात आली, त्यांचं जेवण गावाचं झालं. मंतू पण त्याच बाजूचं, खिमा भरून उकडीच्या मोदकासारखं वाफवतात. मुतब्बक म्हणजे पातळ ताणलेल्या पोळीत अंडं खिमा घालून घडी घालायची आणि तव्यावर भाजायचं. अस्सल तिथलं म्हणावं तर सलीग, मांसाच्या रश्शात भात मऊ शिजवून त्यात दूध, ही जवळच्या ताईफची खासियत. रमजानमध्ये सोबिया, जव किंवा सुक्या पावाचं आंबवलेलं थंड सरबत, दालचिनी वेलची घातलेलं, पांढरं आणि लाल. आणि ज्या कॉफीशिवाय आज अरब पाहुणचार होत नाही तिच्यावर याच मक्केत 1511 मध्ये खैर बेग नावाच्या ममलूक (तेव्हाचे इजिप्तचे राज्यकर्ते) अधिकाऱ्याने बंदी घातली होती, टिकली नाही अर्थात.

रीतींमधली मला सगळ्यात आवडते ती खुलैफची. हजच्या महिन्यात, 9 जिल्हिज्जाला, हाजी मक्केबाहेरच्या अराफातच्या मैदानात आणि त्यांच्या सेवेत गावचे पुरुषही तिकडेच, मग मक्केच्या बायका मुलाबाळांना घेऊन हरममध्ये म्हणजे काबाभोवतीच्या मोठ्या मस्जिदीत जातात आणि रोजा तिथंच सोडतात. वर्षभर पाहुण्यांनी भरलेली मस्जिद त्या दिवशी त्यांची. याच दिवसांत पूर्वी कैस नावाचा खेळ पण असायचा, रात्री बायका पुरुषी वेश करून गल्ल्यांतून गाणी म्हणत फिरायच्या आणि मागे राहिलेला पुरुष दिसला की त्याची फजिती करायच्या. कैस आता गेला.

गेलं ते तेवढंच नाही. 2002 मध्ये उस्मानी म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या काळातला मक्केतला अजयाद किल्ला पाडला, डोंगरासकट, आणि तिथं 601 मीटरचा घड्याळाचा टॉवर उभा राहिला. हाजी वाढले तशी जागा लागणारच हे मान्य पण किल्ला गेल्याचं मला अजूनही वाईट वाटतं. मक्केजवळच्या जिद्दा बंदराच्या जुन्या बलद भागात लाकडी जाळीच्या खिडक्या, रवाशीन, अजून बघायला मिळतात, त्यांतलं सागवान हिंदुस्थानातून आणि जावातून जायचं. युनेस्कोने 2014 मध्ये त्या भागाला जागतिक वारसा केलं ते बरं झालं.

आपला धागा पण जुना आहे. मुंबईहून जिद्दाला हाजींची जहाजं 1995 पर्यंत जात होती. आणि निजामाच्या काळात मक्केत रुबात म्हणजे हाजींसाठी मोफत मुक्कामाची घरं घेतली गेली, ती जुन्या हैदराबाद संस्थानच्या लोकांसाठी, त्यामुळे राज्य बदललं, भाषावार प्रांत झाले तरी नांदेड, बीड, परभणीच्या हाजींचा त्या रुबातवर हैदराबादच्या हाजींइतकाच हक्क राहिला.