कलापुरातली बिननावाची चित्रं

पेठांमधले जुने वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहायला लागली, तशी माळ्यावरची चित्रंही खाली उतरायला लागली. काही भंगारवाल्याकडे जातात, काही जुन्या बाजारात, आणि अलीकडे काही मोबाइलवरच्या छोट्या लिलावांत. 'जुनं ऑइल पेंटिंग, निसर्गदृश्य, चित्रकार अज्ञात' एवढ्या ओळीवर बोली लागते आणि चित्र फ्रेमच्या भावात जातं. त्याची लायकीच तेवढी असते, की नाव वाटेत कुठं गळालेलं असतं? कोल्हापूरपुरतं उत्तर हवं असेल तर शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

कोल्हापूरला कलापूर म्हणायची रीत जुनी, पण इथल्या चित्रांना बाजार असा नव्हता. होता तो आश्रय. आधी दरबाराचा, मग नाटक मंडळ्यांचा, मग सिनेमाचा, आणि घरातल्या थोरल्यांचं पोर्ट्रेट करून घेणाऱ्या मंडळींचा.

शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. त्यांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेले. कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी ते तळं, ती झाडं आणि त्यांच्यावरचा बदलता उजेड पुन्हा पुन्हा रंगवला. १९२२ साली महाराज गेले आणि आबालालांनी चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे कोटितीर्थात सोडून दिले, असं कोल्हापुरात अजून सांगतात. आख्यायिकेत खरं किती, हे बाजूला ठेवू. पण दरबारचा आश्रय असलेल्या माणसानं विक्रीची वही कशाला ठेवावी? १९३१ साली ते गेले, तेव्हा त्यांची चित्रं किती आणि कुणाकडे, याचा हिशेब लागण्यासारखा उरलाच नव्हता. आज एखाद्या घरात त्यांचं चित्र निघालंच, तर त्यासोबत पावती निघायची शक्यता जवळजवळ शून्य.

दुसरी वाट नाटकाच्या पडद्यांची. आनंदराव मेस्त्री आणि त्यांच्या नात्यातले भाऊ बाबूराव यांनी रंगवलेल्या पडद्यांचं नाव गाजलं आणि 'पेंटर' हेच त्यांचं आडनाव झालं. पण पडदा हा वापरून फाटायचाच माल. तो गुंडाळायचा, बैलगाडीत नाही तर रेल्वेत टाकायचा, पुढच्या गावी पुन्हा सोडायचा. घडीवर रंगाचे पोपडे सुटले की त्याच कापडावर नवा महाल चढायचा. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' आला, आणि तोच कुंचला सिनेमाच्या जाहिरातींकडे वळला. १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चं भित्तिपत्रक टिकलं म्हणून त्याचं एवढं अप्रूप. बाकीची भिंतीवर चिकटली आणि पावसात गेली. त्यात एका कामावर चार हात फिरलेले असायचे. सही करायची कुणी?

१९३४ साली दत्तोबा दळवींनी कलाशाळा सुरू केली आणि चित्रकारांची पिढीच्या पिढी रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर, जोतिबाच्या वाटेवर पेटी घेऊन बसायला लागली. इथं घोटाळा आणखी वाढला. गुरूच्या चित्राची नक्कल करणं हा शिक्षणाचाच भाग, त्यामुळं तोच रंकाळा, तोच संध्यामठ, पण हात वेगळा. पुढं कुणी त्यातल्या एखाद्यावर मोठ्या नावाची सही ठोकली, तर नवख्याला पत्ता लागत नाही. स्वस्तात मोठा माल मिळाल्याच्या ज्या गोष्टी कानावर येतात, त्यातल्या बऱ्याच मला इथंच संशयास्पद वाटतात.

युरोपातली गोष्ट याच्या उलटी. तिथं बाजार आधीच होता. सदबीज हे लिलावघर १७४४ चं, क्रिस्टीज १७६६ चं. कॅटलॉग छापायची पद्धत पडली आणि त्यातल्या शब्दावर भाव ठरू लागला: अमक्याचं चित्र, अमक्याच्या कार्यशाळेतलं, अमक्याच्या शैलीतलं. एकेका पायरीला किंमत कोसळते. कॅटलॉग लिहिणाऱ्यापेक्षा ज्याची नजर पक्की, त्याचा फायदा. १८७० च्या दशकात मोरेल्ली या इटालियन जाणकारानं चित्रातले कान आणि नखं बघून चित्रकार ओळखायची पद्धत मांडली. चेहऱ्याची नक्कल सगळे मन लावून करतात, कानाकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. व्यापारीही शहाणे झाले. आपसांत बोली न चढवता माल एकानं घ्यायचा आणि मागाहून वाटणी करायची, हा प्रकार इतका बोकाळला की ब्रिटनला १९२७ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत ज्यांच्या घरच्यांनी बाजार समितीत पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सगळ्यांच्या तोंडी असलेलं उदाहरण 'साल्व्हातोर मुंदी' या ख्रिस्ताच्या चित्राचं. २००५ साली न्यू ऑर्लीन्समधल्या एका छोट्या लिलावात ते १,१७५ डॉलरला गेलं आणि २०१७ साली ४५ कोटी डॉलरला. मधली बारा वर्षं सफाई, तपासण्या आणि तज्ज्ञांच्या वादांत गेली, आणि ते लिओनार्दोच्याच हातचं का, यावर अजून एकमत नाही. हा मधला भाग सांगताना सोयीस्कर गाळला जातो.

आपल्याकडे सगळ्यांत जास्त फसवतात ते ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढं मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. त्यावर वॉर्निश मारलेलं, कधी कॅनव्हाससारखा पोत उठवलेला. सव्वाशे वर्षांच्या धुरानं पिवळं पडलं की ते हुबेहूब तैलचित्र वाटतं. भिंग लावलं की रंगाचे बारीक ठिपके दिसतात. कुंचल्याचा फटकारा कुठंच नसतो. चित्र उलटं करून बघायची सवयही चांगली. चौकटीचे खिळे, कॅनव्हासवरचा रंगकंपनीचा शिक्का, फ्रेमवाल्याचं चिकटवलेलं लेबल, हे समोरच्या सहीपेक्षा कमी खोटं बोलतात. सहीचा रंग जुन्या तड्यांत उतरलेला दिसला, तर ती तडे गेल्यानंतरची.

आता कायद्याचं. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं पुरी झालेलं चित्र पुरावशेष ठरतं. त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल अशा नऊ चित्रकारांना वयाची अटही नाही, त्यांची चित्रं देशाबाहेर जातच नाहीत. आबालाल त्या नऊ जणांत नाहीत, पण २०३१ उलटलं की त्यांचं झाडून सगळं काम शंभरी पार केलेलं असेल. परदेशी गिऱ्हाइकाचा रस्ता बंद म्हणजे भाव देशातच ठरणार, आणि देशातल्या लिलावांना मुंबई-दिल्लीची नावं जास्त परिचयाची. कोल्हापुरी चित्रं मागं राहिली त्याला हेही एक कारण.

तुलनेसाठी खात्रीची चित्रं बघायची तर लांब जायला नको. टाउन हॉलच्या संग्रहालयात आबालाल आहेत, राजारामपुरीत नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. बोली लावण्याआधी तिथं दोन-तीन चकरा मारून आबालालांनी पाण्यावरचा उजेड कसा सोडलाय आणि मांडऱ्यांनी झाडाची बाहेरची रेघ कशी हाताळलीय, एवढंच नीट बघावं.