गोल कडेभोवती फरशी कापणे व बसवणे

गोल खांब, तुळशीवृंदावन, नळाचा पाइप, न्हाणीची जाळी, अर्धगोल पायरी किंवा बाहेरच्या बाजूने वळलेली गॅलरी अशा ठिकाणी सरळ कडांची फरशी गोलाईला जुळवून कापण्याचे आणि बसवण्याचे कसब. फरशीकामात सगळ्यात जास्त टाइल वाया जातात त्या इथे. त्याचे खापर बहुतेक वेळा कटर मशीनवर किंवा हातावर फुटते. खरे तर टाइल बिघडते ती मशीन सुरू होण्याआधीच, कारण गोलाई पुठ्ठ्यावर आखलेलीच नसते.

नाशिक दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले शहर. काळाराम मंदिर, गोदाघाटाच्या पायऱ्या आणि जुन्या वाड्यांची जोती याच काळ्या दगडाची. दगडात गोलाई काढणारा पाथरवट जाडीतून हवा तेवढा भाग छिन्नीने उतरवतो. थोडे जास्त निघाले तरी आणखी खाली जाऊन सावरता येते. पुढे घराघरांत कर्नाटकातली शहाबादी, राजस्थानातला कोटा आणि आंध्रातला कडप्पा आला. त्यांचीही कड घासून गोल करता येते, कारण दगड वरून खालपर्यंत एकच. आज गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंतच्या नव्या घरांत बहुतेक ठिकाणी सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल दिसते, आणि देशातला हा माल मुख्यतः गुजरातमधल्या मोरबीचा असतो. तिची जाडी साधारण 8 ते 10 मिमी. त्यातही वरचा चकचकीत थर मिलिमीटरभरसुद्धा नसतो. तो थर एकदा टवकला की खालचा वेगळा रंग उघडा पडतो आणि कितीही घासले तरी झाकत नाही. दगडाची सवय असलेला हात टाइलवर फसतो तो यामुळेच.

भिंतीची सिरॅमिक टाइल मऊ असते, पकडीने कुरतडली तरी चालते. व्हिट्रिफाइडचे तसे नाही. ती 0.5 टक्क्यांहूनही कमी पाणी शोषते, इतकी घट्ट भाजलेली असते. तिच्यावर पकड चालवली तर हवे तिथे न तुटता वेडीवाकडी तडकते. तिला डायमंड चकतीच लागते, तीही खाचा नसलेली, अखंड कडेची.

फर्मा. टाइलच्या मापाचा पुठ्ठा घेऊन तो जागेवर, शेजारच्या टाइलच्या ओळीत, जोडाची फट सोडून ठेवायचा. गोल वस्तू आणि पुठ्ठा यांच्यामध्ये एक लाकडी तुकडा धरायचा. तुकड्याला पेन्सिल लावून तो वस्तूच्या कडेने फिरवला की पुठ्ठ्यावर तीच गोलाई समांतर उमटते. गोलाई अचूक वर्तुळाची असेल तर खिळा आणि सुतळी पुरते, पण जुन्या घरातला खांब क्वचितच अचूक गोल असतो. प्लास्टरचा एखादा फुगवटा सुतळीला दिसत नाही, लाकडी तुकडा मात्र तो बरोबर टिपतो. पुठ्ठा कापून जागेवर बसवून पाहायचा, आणि नीट बसला तरच रेघ टाइलवर घ्यायची. टाइलवर आधी मास्किंग टेप लावली तर पाण्याने रेघ पुसत नाही आणि टवकेही कमी उडतात.

कापणी. चकती स्वतः गोल असली तरी ती सरळच धावते. ती एकदम खोल घातली की वळणावर अडकते आणि टाइल फुटते. म्हणून पहिला हात मिलिमीटर-दीड मिलिमीटरचाच. रेघेवरून हलकी खाच फिरवायची आणि मग दोन-तीन हातांत खोली वाढवायची. वळण तीव्र असेल तर टाकाऊ भागात रेघेच्या दिशेने जवळजवळ सरळ काप द्यायचे. टाइलला कंगव्यासारखे दाते तयार होतात. ते दाते पकडीने एकेक मोडायचे आणि राहिलेली खडबडीत कड चकतीने घासून रेघेपर्यंत आणायची. रेघेच्या अलीकडे दोनेक मिलिमीटर थांबणारा कारागीर टाइल वाचवतो. चकती किंचित तिरकी धरली की खालची बाजू वरच्यापेक्षा थोडी आत जाते. मग बसवताना वरची कडच वस्तूजवळ येते आणि खालचा मसाला आड येत नाही.

आत वळलेली गोलाई, म्हणजे खांबाभोवतीच्या टाइलमधली, बाहेर वळलेल्या गोलाईपेक्षा अवघड. तिथे टाकाऊ भाग दोन्ही बाजूंनी टाइलने वेढलेला असतो आणि निघायला जागा शोधतो. चौकोनी खाच घ्यायची असेल तर कोपऱ्यात आधी 6 मिमीचे भोक पाडावे. तीक्ष्ण कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि बसवल्यानंतर महिन्याभरानेही तिथून तडा जाऊ शकतो.

पाइपासाठी होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडणारी नळीसारखी करवत, वापरतात. चकचकीत टाइलवर तो घसरतो, म्हणून आधी तिरका टेकवून एक चंद्रकोर कोरायची, मग हळूहळू उभा करायचा. वेग कमी ठेवायचा आणि पाणी चालू हवे. नळामागचे भोक शेवटी फ्लँजखाली, म्हणजे नळाच्या गोल झाकणचकतीखाली जाते, तेव्हा ते अगदी घट्ट ठेवायचा आग्रह चुकीचा. न्हाणीची जाळी जिथे चार टाइल मिळतात त्या ठिकाणी येईल अशी आखणी आधीच केली तर प्रत्येक टाइलमध्ये फक्त पाव वर्तुळ कापावे लागते, आणि ते कडेवर येत असल्याने चकती सहज फिरते. पाण्याचा उतारही चारही बाजूंनी जाळीकडे देता येतो. ही आखणी खोलीच्या पहिल्या ओळीपासून ठरवावी लागते.

खांब मढवताना टाइल वाकत नाही, तिच्या अरुंद पट्ट्या कराव्या लागतात. तयार खांबाचा व्यास 600 मिमी असेल तर 50 मिमी रुंदीच्या पट्टीचा मधला भाग आणि खरी गोलाई यांत साधारण 1 मिमीचा फरक पडतो. पट्टी 100 मिमीची केली की तो 4 मिमीवर जातो, आणि खांब लांबूनही पैलूदार दिसतो. पट्टी दुप्पट झाली की फरक चौपट होतो. परीघ 1885 मिमी, म्हणजे 50 मिमीच्या 36 पट्ट्या आणि प्रत्येक जोडाला 2.4 मिमीच्या आसपास फट. हा हिशोब न करता एका बाजूने लावत सुटले की शेवटची पट्टी निम्मी कापावी लागते. ती निम्मी पट्टी दाराकडच्या बाजूला आलेली अनेक घरांत दिसते.

वृंदावनाभोवतीच्या कड्याला पाचरीसारख्या टाइल लागतात. आतली त्रिज्या 600 मिमी आणि टाइल 150 मिमी खोल धरून 36 तुकडे केले, तर प्रत्येकाची आतली बाजू 105 आणि बाहेरची 131 मिमीच्या आसपास येते. फटीची जागा यातूनच वजा करायची. एक फर्मा छत्तीसही तुकड्यांना चालतो, म्हणून तो जाड प्लायचा करावा.

बसवण्याआधी सगळे तुकडे कोरडेच मांडून पाहावेत. नाशिकच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात पसरलेल्या अॅडेसिव्हवर, म्हणजे टाइल चिकटवण्याच्या मसाल्यावर, लवकर साय धरते. गोलाईच्या तुकड्यांना वेळ लागतो, तेव्हा एका वेळी दोन-तीन तुकड्यांपुरताच मसाला पसरावा, आणि अंगणातले काम सकाळीच उरकावे. खांबावरच्या पट्ट्या ओल्या मसाल्यावर खाली सरकतात. तळाशी आधाराची लाकडी पट्टी ठोकून त्यावरच पहिली ओळ बसवावी लागते.

खांब किंवा पाइप यांना टाइल चिकटवून ठेवू नये. काही मिलिमीटरची फट सोडावी आणि ती ग्राउटने (जोडात भरायच्या ताठ मसाल्याने) न भरता लवचिक सिलिकॉन सीलंटने भरावी. पाइप हलतो, गरम पाण्याने फुगतो, आणि ताठ ग्राउट तिथे भेगाळतोच.

कोरड्या कापणीत उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. वर्षानुवर्षे ती श्वासात गेली की सिलिकोसिस होऊ शकतो, आणि फुप्फुसांचे ते नुकसान भरून येत नाही. गॅलरीत उकिडवे बसून तोंडाला नुसता रुमाल बांधून टाइल कापणारा माणूस अजूनही दिसतो, आणि त्या धुळीला रुमाल पुरत नाही. चकतीवर पाण्याची बारीक धार, एन-95 मास्क आणि चष्मा ही किमान सोय घरमालकानेही मागावी. पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने मशीनची जोडणी 30 मिलिअँपियरच्या आरसीसीबीतूनच, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधूनच घ्यावी.