आडनाव विरळ कशानं होतं?

अमेरिकेत २००० सालच्या जनगणनेत सुमारे ६२ लाख वेगवेगळी आडनावं नोंदली गेली. त्यांतली सुमारे ४० लाख आडनावं अशी होती, की प्रत्येकाचा धनी देशभरात एकटाच. दुसऱ्या टोकाला 'स्मिथ', २३ लाख ७६ हजार माणसांचं आडनाव. शंभर किंवा त्याहून जास्त माणसांनी लावलेली आडनावं फक्त १,५१,६७१ भरली, पण देशातली दहांतली नऊ माणसं तेवढ्यातच मावली.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चरकलो होतो. चाळीस लाख घराणी शेवटच्या माणसावर येऊन ठेपली की काय? तसं नाही. जनगणनेचे अर्ज हातानं भरलेले होते आणि त्यांवरची अक्षरं यंत्रानं वाचली होती. एखादं अक्षर चुकीचं वाचलं गेलं, नाव आणि आडनाव एकमेकांना चिकटलं, नवरा-बायकोची दोन आडनावं जोडून लिहिली, की यादीत एक नवं आडनाव जन्माला येतं आणि त्याचा मालक अर्थातच एकटा असतो. समजा, स्मिथ मंडळींपैकी हजारात एकाचंच आडनाव चुकीचं वाचलं गेलं. स्मिथांच्या संख्येला त्याचा धक्काही लागणार नाही, पण तेवढ्यानं सुमारे २,४०० माणसं तऱ्हेतऱ्हेच्या खोट्या विरळ आडनावांत जाऊन पडतील. उलट ज्या आडनावाची खरोखरच बारा माणसं आहेत, त्यातला एक जण नोंदीतून निसटला तर आकडा एकदम आठ टक्क्यांनी घसरतो. आकडा जितका लहान, तितका तो जास्त गढूळ. म्हणून विरळ आडनावाची लोकसंख्या कुणी सांगितली, तर आधी 'मोजली कशी?' हे विचारावं. अमेरिकेचं जनगणना खातं शंभराच्या खालची आडनावं प्रसिद्धच करत नाही. त्यामागचं मुख्य कारण मात्र वेगळं आहे: इतक्या लहान गटातली माणसं सहज ओळखू येऊ शकतात.

हा गाळ बाजूला काढल्यावरही खरीखुरी विरळ आडनावं भरपूर उरतात. ती विरळ का? आपल्या मनात उत्तर तयार असतं: घराणं फार जुनं असेल, किंवा थोर असून पुढे उतरणीला लागलं असेल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या विद्वानांनाही असंच वाटायचं. एके काळची नामवंत घराणी पाहता पाहता नामशेष होत होती आणि लोक त्याचा अर्थ लावत होते, की मोठेपणाबरोबर वंशाचा जोमही आटतो. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला शंका आली, की यात जोमाबिमाचा संबंध नसून निव्वळ योगायोगाचा भाग किती, ते आधी तपासायला हवं. माणसांची प्रतवारी लावण्याच्या त्याच्या इतर कल्पना मला मुळीच मान्य नाहीत, पण हा प्रश्न त्यानं अगदी नेमका विचारला. १८७३ साली त्यानं तो एका शैक्षणिक नियतकालिकात गणिती कोडं म्हणून मांडला, आणि पुढल्या वर्षी हेन्री वॉटसन या पाद्री असलेल्या गणितज्ञाबरोबर त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

हिशोब आपणही करून पाहू. एक हजार पुरुष घ्या, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि प्रत्येकाला सरासरी एक मुलगा होतो, असं धरू. लोकसंख्या वाढत नाही, घटतही नाही. गोम त्या 'सरासरी'त आहे. सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एक नव्हे. निव्वळ योगायोगानं हजारांपैकी सुमारे ३६८ जणांना एकही मुलगा होत नाही, ३६८ जणांना एक होतो, १८४ जणांना दोन, ६१ जणांना तीन, आणि थोड्यांना त्याहून जास्त. म्हणजे पहिल्याच पिढीत ३६८ आडनावं पुसली गेली. दुसऱ्या पिढीअखेर निम्म्याहून कमी उरतात. दहा पिढ्यांनी, म्हणजे अडीच-तीनशे वर्षांनी, हजारांतली जेमतेम १५८ शिल्लक असतात. माणसं मात्र तेव्हाही हजाराच्या आसपासच. उरलेल्या आडनावांमागे सरासरी सहा पुरुष, पण तीही पुन्हा सरासरीच: कुठे एकुलता एक, कुठे वीस-पंचवीस.

मला या हिशोबाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याचं, की सुरुवातीला हजारही आडनावं अगदी एकसारखी होती. कुणी जुनं नव्हतं, कुणी थोर नव्हतं, कुणाचा जोम कमी नव्हता. तरी तीनशे वर्षांत काही फोफावली, काही विरळ झाली आणि बहुतेक संपली.

म्हणजे विरळ आडनाव मरायला टेकलेलंच असतं का? तसंही नाही. याच हिशोबानं एका पुरुषापासून निघालेलं आडनाव दहा पिढ्यांत संपण्याची शक्यता ८४ टक्के. त्याच आडनावाचे आज दहा पुरुष असतील तर ती शक्यता १८ टक्क्यांवर येते. पन्नास असतील तर दहा हजारांत जेमतेम दोन. सगळा धोका उगमाजवळच्या पिढ्यांत साठलेला असतो. तिथून जे आडनाव निभावून निघालं, ते सहसा बुडत नाही.

वॉटसनचं उत्तर मात्र चुकलं होतं. त्याच्या समीकरणाला दोन उत्तरं येऊ शकतात. त्यातलं एकच त्यानं पाहिलं आणि निष्कर्ष काढला, की लोकसंख्या वाढती असली तरी प्रत्येक आडनाव कधी ना कधी संपणारच. खरं तर सरासरी एकापेक्षा जास्त मुलगे होत असतील, तर काही आडनावं कायमची तगतात. गंमत म्हणजे फ्रान्समधल्या बिएनेमे या गणितज्ञानं हे १८४५ सालीच बरोबर सांगून ठेवलं होतं. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याला त्याचं श्रेय मिळायला १९७२ उजाडलं.

पुरी सिद्धता व्हायला मध्ये एका आईचं आडनाव यावं लागलं. अॅग्नर क्रारुप अर्लांग हा कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला गणितज्ञ. एकाच वेळी किती लोक फोन लावतील आणि त्यासाठी किती वाहिन्या लागतील, याचं गणित त्यानं बसवलं. दूरध्वनीच्या वर्दळीचं एकक आज त्याच्याच नावानं ओळखलं जातं. त्याच्या नावातलं 'क्रारुप' हे त्याच्या आईच्या माहेरचं आडनाव, आणि ते घराणं संपत चाललं होतं. १९२९ साली त्यानं एका डॅनिश गणित नियतकालिकात आडनावं संपण्याचा प्रश्न नव्यानं मांडला. त्याच वर्षी तो वारला. पुढल्या वर्षी स्टेफेनसेन या त्याच्याच देशातल्या गणितज्ञानं संपूर्ण उत्तर प्रसिद्ध केलं. त्यानंतर लगेच आल्फ्रेड लोटका या लोकसंख्येच्या अभ्यासकानं अमेरिकेतल्या १९२० च्या जनगणनेतले खरे आकडे या समीकरणात घातले. तिथे गोऱ्या पुरुषांना सरासरी एकापेक्षा जास्त मुलगे होत होते. तरीही एका पुरुषापासून निघालेली वंशरेषा कधी ना कधी संपण्याची शक्यता ८० टक्क्यांहून जास्त आली. पुढे हेच गणित अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांना आणि साथीच्या रोगांनाही लागू पडलं.

आता उलटी बाजू. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव 'ट्रांब्ले'. सतराव्या शतकात फ्रान्सहून तिथे आलेला पिएर ट्रांब्ले हा त्या साऱ्यांचा एकच मूळपुरुष. त्याचं लग्न १६५७ साली झालं आणि त्याला बारा मुलं झाली. त्या काळच्या नोंदवहीत हे आडनाव एका घरापुरतं होतं, म्हणजे विरळातलं विरळ. नवी वसाहत, मोठी कुटुंबं, वेगानं वाढणारी लोकसंख्या; पहिल्या दोन-तीन पिढ्यांचा धोका टळला आणि पुढे ते पसरतच गेलं.

आडनावं नुसती मरत नाहीत, जन्मतातही. कारकुनानं ऐकेल तसं लिहिलं, धाकट्या भावानं वेगळं वळण पसंत केलं, देश बदलल्यावर लिपी बदलली, की एका आडनावाची दोन होतात आणि त्यातलं एक सहसा विरळ असतं. इंग्लंडात आडनावं स्थिरावली साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकात. तुर्कस्तानात ती सक्तीची झाली थेट १९३४ च्या कायद्यानं. हा काळाचा फरक मोजणीत लख्ख दिसतो. चीनमध्ये आडनावं हजारो वर्षांची, म्हणजे चाळणीही तेवढीच जुनी: आज वांग आणि ली यांची प्रत्येकी दहा कोटींच्या घरात माणसं आहेत आणि सर्वांत प्रचलित शंभर आडनावांत बहुतेक सारा देश येतो. दक्षिण कोरियात २००० सालच्या जनगणनेत सारी मिळून २८६ आडनावं निघाली, आणि दर पाचांतला एक जण 'किम'. जपानमध्ये मात्र सर्वसामान्यांनी आडनाव लावणं १८७५ साली बंधनकारक झालं. तिथे आजही लाखाहून जास्त आडनावं आहेत.

जपानची गोष्ट अलीकडे फार गाजली. तिथल्या कायद्यानुसार लग्नानंतर नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं, म्हणजे दर लग्नात एक आडनाव मागे पडतं. तोहोकु विद्यापीठातले हिरोशी योशिदा यांनी २०२४ साली हिशोब मांडला, की हे असंच चालू राहिलं तर २५३१ साली सारे जपानी 'सातो' असतील. आज सातो आहेत दीड टक्का. एका वर्षात त्यांचं प्रमाण १.००८३ पट झालं, तोच वेग पाचशे वर्षं पुढे ओढला, की हा आकडा येतो. कायद्याकडे लक्ष वेधायला तो चांगला आहे; भाकीत म्हणून मी तो घेणार नाही. एका वर्षाच्या वाढीत योगायोगाचा वाटा किती, ते आपण आत्ताच पाहिलं.

विरळ आडनावाचा शास्त्रज्ञांना खरा उपयोग होतो तो खूण म्हणून, पक्ष्याच्या पायात अडकवलेल्या कड्यासारखा. 'स्मिथ' म्हणजे लोहार. गावोगावी लोहार होते, म्हणून हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे निघालं. दोन स्मिथांचं नातं असेलच असं नाही. पण एखाद्या लहानशा गावावरून पडलेलं आडनाव एकाच घरातून निघालेलं असू शकतं. हे तपासायची सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. वाय गुणसूत्र, म्हणजे पेशीतला फक्त पुरुषांत असणारा आनुवंशिक धागा, बापाकडून मुलाकडे जातं, अगदी आडनावासारखं.

लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००६ साली ब्रिटनमधल्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या. जोडीतल्या दोघांचं आडनाव एक, पण माहितीतलं नातं काही नाही. साधारण एक चतुर्थांश जोड्यांत वाय गुणसूत्रावरून अलीकडचा समान पूर्वज असल्याचं दिसलं, आणि आडनाव जितकं विरळ तितकं हे प्रमाण चढत गेलं. २००९ साली त्यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. नॉटिंगहॅमशायरमधल्या गावावरून पडलेल्या 'अॅटनबरो' आडनावात दहांतल्या जवळजवळ नऊ जणांचं गुणसूत्र एकाच वळणाचं निघालं. स्मिथांत मात्र असं काहीच सापडलं नाही. रस्त्यावरून कुणीही दोन पुरुष उचलावेत तसेच ते.

याच संशोधकांसमोर त्याआधी एक विलक्षण नमुना आला होता. यॉर्कशायरच्या पूर्व भागातलं एक विरळ आडनाव लावणारा एक गोरा इंग्रज. आपल्या घराण्यात कुणी इंग्लंडाबाहेरून आलं असेल, याची त्याला काहीच कल्पना नव्हती. पण त्याचं वाय गुणसूत्र ज्या गटातलं निघालं, तो गट तोवर जगभरात मोजक्याच माणसांत सापडला होता, आणि त्या सर्वांची मुळं आफ्रिकेत, मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत होती. अशा वेळी आडनाव विरळ असणं कामी येतं. ते लावणारे आणखी पुरुष शोधले गेले. तपासलेल्या अठरा जणांपैकी सात जणांत तेच गुणसूत्र निघालं. उरलेल्या अकरा जणांचं वेगळं होतं: कुठे दत्तक मूल आलं असेल, कुठे आईचं आडनाव पुढे गेलं असेल, कुठे बाप दुसराच असेल, किंवा आडनावाचा उगमच वेगळा असेल.

त्या सात जणांच्या वंशावळी जुन्या नोंदींवरून मागे नेल्या, तेव्हा त्या दोन मूळपुरुषांपाशी येऊन थांबल्या. एक १७८८ साली जन्मलेला, दुसरा १७८९ साली, दोघेही यॉर्कशायरमधले. त्यांना जोडणारा कागद मिळाला नाही. गुणसूत्रावरून दोघांचा समान पूर्वज अठराव्या शतकातला किंवा त्याआधीचा असावा. तो आफ्रिकन माणूस इंग्लंडात कधी आला, यावर संशोधकांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. रोमन सैन्यातले आफ्रिकी शिपाई अठराशे वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडात हेड्रियनच्या भिंतीवर पहाऱ्याला होते, आणि सोळाव्या शतकापासून गुलामांच्या व्यापारातूनही आफ्रिकेतली माणसं या बेटावर येत होती. संशोधकांनी आपल्या २००७ च्या निबंधात ते आडनाव पूर्ण दिलं नाही, फक्त पहिलं अक्षर छापलं. इतक्या विरळ आडनावाची माणसं लगेच ओळखू आली असती.