हेवी मेटलची अकूस्टिक पुनर्मांडणी

हेवी मेटल बँडने आपलीच जुनी, वेगवान आणि कानठळ्या बसवणारी गाणी विजेच्या गिटारी बाजूला ठेवून लाकडी गिटारीवर, संथ लयीत पुन्हा बांधणे, म्हणजे अकूस्टिक पुनर्मांडणी. बोलताना सरसकट ‘अनप्लग्ड’ म्हणतात. शब्द तेच राहतात, पुष्कळदा चालही तीच राहते. आरोळीची मात्र विराणी होते. मुळातच हळुवार रचलेली मेटल गाणी यात धरत नाहीत. तशी गाणी या संगीतात पहिल्यापासून आहेत आणि ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या आसपासच्या तबकड्यांतही सापडतात.

गंधाराचा प्रश्न : मेटलचा कणा म्हणजे पॉवर कॉर्ड. नाव दांडगे असले तरी त्यात स्वर दोनच, षड्ज आणि पंचम. तंबोऱ्यावर लावतात तेच. डिस्टॉर्शन म्हणजे मेटलचा तो खरखरीत आवाज, आणि तो देताना गिटारीच्या आवाजाची लहर वरून-खालून छाटली जाते. छाटलेल्या लहरीतून मूळ स्वरांचे ढीगभर उपस्वर, म्हणजे त्यांच्यासोबत घुमणारे वरचे सूर, उमटतात आणि दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी नवे तयार होतात. सा आणि प यांच्या कंपनांचे प्रमाण २:३ इतके सोपे असल्याने ही नवी पिलावळ त्याच घरातली निघते. वाजवलेल्या षड्जाखाली खर्जाचाही भास होतो. त्यात गंधार घातला की सगळ्याचा चिखल होतो. म्हणून मेटलचा गिटारिस्ट जोरकस भागात गंधार बहुधा टाळतो.

तंबोऱ्याच्या जवारीचे कामही याच जातीचे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून तार पृष्ठभागाला हलकेच घासू दिली की उपस्वर फुलतात आणि खर्जाच्या तारेतून न वाजवलेला गंधार ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत ही जवारी काढणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या झाल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डिस्टॉर्शन म्हणजे विजेवरची जवारी, असे म्हटल्यास दोन्हीकडची माणसे रागावतील. तरीही हे नाते लक्षात ठेवल्याशिवाय पुनर्मांडणीतली खरी अडचण कळत नाही.

कारण प्लग काढला की ती जवारी जाते. उरलेला सा-प लाकडी गिटारीवर पोकळ वाजतो आणि गंधार हवासा होतो. मग तो कोमल लावायचा की शुद्ध? मूळ गाण्यात गिटारीने हा निर्णय कधी घेतलेलाच नसतो. फार तर गायकाच्या चालीत त्याची खूण असते. कोमल लावला तर गाणे खिन्न होते. शुद्ध लावला तर तेच काळोखे शब्द उजळ वाटू लागतात, क्वचित विनोदीसुद्धा. फसलेल्या पुनर्मांडण्या बहुतेक इथेच फसतात. जुनाच सा-प लाकडी गिटारीवर खरडला जातो आणि ऐकणाऱ्याला वाटते, लाइट गेल्यामुळे बँड असा वाजवत असावा.

इतर बदल : डिस्टॉर्शनवर सूर लांबत जातो, लाकडी गिटारीवर तो काही सेकंदांत विरतो. म्हणून सलग झणझणाटाऐवजी एकेक तार छेडून जागा भरतात. विजेच्या गिटारीची सर्वांत बारीक तार साधारण ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची, तर लाकडी गिटारीची बहुधा ०.०१२ इंचाची, मूळ सोलोतली (एकट्या गिटारीच्या तुकड्यातली) तार ओढून सूर चढवणारी खेच तिच्यावर घ्यायची म्हणजे बोटांची परीक्षाच. पट्टीचाही घोळ होतो. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचे तर गिटारीची जाड तार रीतीप्रमाणे पांढरी तीनमध्ये असते, मेटलवाले ती काळी दोन, पांढरी दोन किंवा त्याहूनही खाली उतरवतात. इतक्या सैल तारा लाकडी गिटारीवर फडफडतात. पट्टी चढवावी तर गायक अडतो.

ज्या गाण्यात गायन म्हणजे निव्वळ गुरगुर असते, तिथे चढवायला-उतरवायला स्थिर सूरच नसतो. संगीत नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर पद हाती आहे, चाल नाही. तिथे बँडला नव्याने चालच लावावी लागते.

इतिहास : १९८९ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही वाहिनीने ‘अनप्लग्ड’ कार्यक्रम सुरू केला आणि हा शब्द रूढ झाला. टेस्ला या बँडने १९९० मध्ये फिलाडेल्फियात केलेल्या अकूस्टिक मैफलीची तबकडी गाजली. चेहरे रंगवून आगी ओकणाऱ्या किस बँडने १९९५ मध्ये त्याच वाहिनीवर रंग न लावता, स्टुलांवर बसून गाणी म्हटली. जुने दोन सदस्य त्या कार्यक्रमात परत आले आणि पुढच्या वर्षी मूळ संचाचा दौरा निघाला. जर्मनीच्या स्कॉर्पियन्सनी २००१ मध्ये लिस्बनच्या एका जुन्या मठात असाच प्रयोग ध्वनिमुद्रित केला. मेटालिकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आपल्याच धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी संपूर्ण अकूस्टिक मैफल केली. त्यात १९८६ चे एक अतिवेगवान गाणे इतके बदलले होते की ओळख पटायला शब्द यावे लागतात.

या सगळ्यांत विचारपूर्वक केलेले काम स्टॉकहोमच्या कॅटाटोनिया बँडचे. २०१२ ची आपली अख्खी तबकडी त्यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा मांडली. मूळ गायन ठेवले, ड्रम आणि जड गिटारी काढून टाकल्या आणि उरलेल्या आवाजाभोवती वेगळे संगीत बांधले. थकलेल्या बँडची पेन्शन, असा टोमणा या प्रकाराला नेहमी मारला जातो आणि काहींच्या बाबतीत तो खराही आहे. या तबकडीला तो लागू नाही.

कोल्हापुरात : मोठ्या आवाजाचे कोल्हापूरला वावडे नाही. मिरवणुकीतल्या भल्यामोठ्या स्पीकरच्या भिंतीला इथे कंपनी कोणतीही असो ‘डॉल्बी’च म्हणतात, आणि ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ हाही इथला परिचित शब्द. ‘नाद खुळा’ ही दाद याच शहराची. मात्र २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तर ड्रम आणि गिटारीचा आवाज वाढवणारे अँप एकत्र वाजले की शंभरी सहज ओलांडली जाते. पेठेतल्या वाड्यात, भिंतीला भिंत असताना मेटलची तालीम करणे म्हणूनच अवघड.  तीच गाणी लाकडी गिटारीवर उतरवली तर माडीवर बसूनही बांधता येतात.

या शहराला विजेविना गाणे नवे नाही. गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ ची. आजचे केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिले, तेव्हा नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या बळावर पोचावा लागे. (ऑगस्ट २०२४ मध्ये ही वास्तू आगीत सापडली.) राजर्षी शाहूंच्या पदरी असलेले जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज तरुणपणी अतिगायनाने बसला. परतला तो पूर्वीसारखा नव्हता, आणि त्या आवाजाला पेलेल अशी लयीशी बांधलेली, पेचदार गायकी त्यांनी घडवली. साधन बदलल्यावर गाणे नव्याने बांधण्याचा याहून मोठा दाखला मेटलच्या इतिहासात नाही.

तालवाद्यासाठी जगभर काहोन ही लाकडी पेटी वापरतात. इकडे तबला जास्त सोयीचा. पांढरी दोनमध्ये उतरवलेल्या गिटारीशी त्याच पट्टीचा दायाँ जुळतो आणि ड्रमच्या पायाचा धमाका डग्ग्याच्या घुमाऱ्यावर भागतो. हलगी मात्र जमत नाही. तापवलेल्या कातड्याचा तिचा आवाज लाकडी गिटारीला गिळून टाकतो. मेटलमधल्या सात मात्रांच्या रिफला, म्हणजे गिटारीच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याला, रूपक ताल आयता सापडतो, पण रूपकाची सम टाळीवर नसून ‘खाली’वर, म्हणजे डग्ग्याविना हलक्या ठोक्यावर असते आणि रिफचा पहिला ठोका सर्वांत जोरकस. अशा वेळी समेवर डग्गा मुद्दाम घुमवावा लागतो, नाही तर गिटारिस्टला पहिला ठोका हलका करावा लागतो. संथ रूपात दुसरा मार्ग अधिक शोभतो.