गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका: ड्रोन मोजणी, पात्रता आणि कागदपत्रे

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. शेताचा गुंठा न् गुंठा नोंदलेला असतो, राहतं घर मात्र ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर. हा नमुना घरपट्टीच्या आकारणीसाठी आहे, मालकीचा पुरावा म्हणून तो पुरत नाही. कर्ज काढताना किंवा वाटणीच्या वेळी ही अडचण हमखास पुढे येते. ती दूर करण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात गावठाणातली घरं ड्रोनने मोजून मालकीची नोंद असलेली मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) दिली जाते. ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्रात त्याआधीच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता.

ज्या गावठाणाचं नगर भूमापन (सिटी सर्व्हे) पूर्वी झालेलं नाही, तिथल्या मिळकती या योजनेत येतात. शेतजमीन यात येत नाही. शाळा, मंदिर, रस्ते, सार्वजनिक विहिरी यांची नोंद स्वतंत्र होते. सरकारी जागेवरचं अतिक्रमण केवळ मोजलं गेलं म्हणून मालकीचं होत नाही.

मोजणीसाठी घरमालकाने वेगळा अर्ज करायचा नसतो. भूमी अभिलेख विभाग गावाला सूचना देतो, ग्रामसभेत माहिती दिली जाते आणि ड्रोनच्या उड्डाणाआधी भूकरमापक (जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी) व ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) घरोघरी फिरून हद्दी चुन्याने आखून घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की बाकी काही चुकलं तरी चालेल, पण या आखणीला हजर राहा. ड्रोनच्या कॅमेऱ्याला वरून पत्रा, कौलं, झाडं दिसतात. मधली भिंत सामाईक आहे की एकाची, बोळ कोणाच्या वहिवाटीची, वळचणीचं पाणी कोणाच्या जागेत पडतं, हे त्याला कळत नाही. नकाशा १:५०० प्रमाणाचा आणि अपेक्षित अचूकता ५ सेंटीमीटर. म्हणजे चुना चुकीच्या जागी पडला तर ती चूकही तितक्याच काटेकोरपणे नकाशावर उतरते. घराला कुलूप लावून मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी निदान भावकीतल्या विश्वासू माणसाला लेखी अधिकारपत्र द्यावं. शेजाऱ्यांनाही त्याच वेळी उभं करावं, म्हणजे वाद तिथल्या तिथे मिटतो.

भारतीय सर्वेक्षण विभाग उड्डाण करून छायाचित्रांवरून नकाशा तयार करतो. तो पुन्हा गावात आणून जागेवर पडताळतात आणि मग मालकी हक्काची चौकशी होते. कागद लागतात ते इथे: नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र, आधार कार्ड, जुनं वीजबिल. नमुना ८ वर अजून आजोबांचंच नाव असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती आधीच जुळवून ठेवा. त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं गाळू नका. त्या कायदेशीर वारस आहेत, आणि वगळलेलं नाव पुढे दाव्याचं कारण ठरतं.

चौकशीत हरकत असेल तर ती लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही. निर्णय मान्य नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २४७ खाली अपील करता येतं. जिल्हा अधीक्षक भूमी अभिलेख यांच्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर मुदत ६० दिवसांची. मालकीचाच मूळ वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

चौकशी पूर्ण झाली की मिळकत पत्रिका उघडते आणि धारकाला सनद (हक्काचा सरकारी दाखला) मिळते. पत्रिकेवर नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र आणि धारकाचं नाव असतं. पत्रिका हातात येताच स्पेलिंग, क्षेत्र आणि हिस्से तपासा; दुरुस्तीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. पुढे घर विकलं, वारस बदलले किंवा बोजा (कर्जाची नोंद) चढवायचा असेल, तरी फेरफार (नोंदीतला बदल) याच कार्यालयात होतो. फक्त ग्रामपंचायतीत नाव लावून पत्रिकेवरचं नाव बदलत नाही.