वांशिक विशेषाधिकार आणि वर्गातील विषमता

वंशामुळे एखाद्या समूहाला न मागता, न कमावता मिळालेली आणि म्हणूनच त्याला सहसा न जाणवणारी सवलत म्हणजे वांशिक विशेषाधिकार. वेगवेगळ्या वंशांची मुले एका वर्गात बसली, एकच पुस्तक वाचू लागली, तरी ही सवलत संपत नाही. कोणाची भाषा ‘शुद्ध’, कोणाचा प्रश्न ‘हुशारीचा’ आणि कोणाचा दंगा ‘गुंडगिरीचा’, हे ठरवताना ती काम करत राहते.

संकल्पना घडली अमेरिकेत. गोऱ्या कामगाराला मजुरीशिवाय गोरेपणाचीही एक ‘मानसिक मजुरी’ मिळते, अशी मांडणी कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९३५ मध्ये केली. पेगी मॅकिंटॉश या गोऱ्या अभ्यासिकेने १९८८ मध्ये स्वतःच्या रोजच्या जगण्यातल्या अशा सवलतींची यादीच मांडली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या ब्राउन खटल्यात वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. मात्र शाळांच्या पैशाचा मोठा हिस्सा स्थानिक मालमत्ता करातून येत राहिला, त्यामुळे वस्ती गरीब तर शाळाही गरीब, हे चक्र टिकले. वर्गाच्या आत काय घडते, याकडे १९६८ मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन यांच्या प्रयोगाने लक्ष वेधले. कोणताही निकष न लावता निवडलेली काही मुले ‘यंदा चमकणार’ असे शिक्षकांना सांगितले, आणि खालच्या इयत्तांत ती खरोखर पुढे गेली. हा परिणाम किती मोठा, यावर पुढे बरेच वाद झाले.

पुण्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. वंश आणि जात एक नव्हेत. वंश बहुधा चेहऱ्यावरून ओळखला जातो, जात मात्र विचारून काढली जाते, आणि “पूर्ण नाव सांग” एवढ्यात ते काम होते. पण वर्गात दोन्हींचे वागणे इतके सारखे आहे की पुण्यातल्या शाळेबद्दल बोलताना जात वगळली, तर विषयच हातातून निसटतो.

चौथीच्या वर्गाचे उदाहरण घ्यावे. मूल उभे राहून धडा वाचते. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, मागच्या बाकावर हसू फुटते. बाई “पाणी म्हण, पाणी” असे तीनदा म्हणवून घेतात. धडा किती समजला, हे विचारायचे राहून जाते. पुढच्या वेळी वाचायला त्या मुलाचा हात वर होत नाही. खरे तर ‘ण’च्या जागी ‘न’ येणे ही चूक नव्हे, मराठीच्या अनेक बोलींची ती रीतच आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलाने ‘ण’ घरूनच आणलेला असतो. त्यासाठी त्याने काहीच कष्ट घेतलेले नसतात, तरी ‘भाषा चांगली आहे’ हा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकात पडतो. विशेषाधिकार समजून घ्यायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

ओळख उघड करण्याचाही परिणाम होतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्चजातीय आणि दलित अशा दोन्ही गटांची कामगिरी सारखी होती. सर्वांसमोर जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. “स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा” ही भर वर्गातली हाक म्हणूनच निरुपद्रवी मानता येत नाही. ती यादी कार्यालयाबाहेर लावता येते, किंवा एकेकाला बोलावून सांगता येते.

पुण्यातले खरे बहुवंशी वर्ग महाविद्यालयांत आहेत. काविळीने आजारी असलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून जेवण देत असल्याचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनी पाहिले. परक्या मुलखातून आलेल्या मुलांचे हे एकटेपण ‘सिम्बायोसिस’ या १९७१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेमागची प्रेरणा ठरले. आज शहरात आफ्रिकी देशांतली, अफगाणिस्तानातली, इराणमधली आणि ईशान्य भारतातली मुले शिकतात. गोऱ्या विद्यार्थ्याला ‘फॉरेनर’ म्हणून कौतुक मिळते. आफ्रिकी विद्यार्थ्याला खोली मिळवताना नकार ऐकावे लागतात. मणिपूर-नागालँडच्या मुलीला स्वतःच्याच देशात “तू चायनीज का?” हा प्रश्न झेलावा लागतो. प्रोजेक्टचे गट पाडताना मागे कोण उरते, एवढे पाहिले तरी पुरे.

उपायांची चर्चाही याच शहरात सुरू झाली. भिडे वाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले, आणि प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून, मुलांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत असेही सांगितले. या दुसऱ्या मागणीची आठवण फार कमी काढली जाते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना दिल्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळांना त्यातून सूट देणारी राज्य शासनाची फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केली. ‘आरटीईची मुले’ ही वेगळी ओळख मात्र वर्गात चिकटून राहते. कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत आहे. नववीला फी सुरू होते, आणि आठ वर्षे एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाचे पालक दुसरी शाळा शोधू लागतात.